पाटीने बदललेले गावाचे नाव

पाटी म्हटली की आम्हा शिक्षकांच्या डोळ्यांसमोर प्रथम वर्गातील मुले येतात. परंतु ज्या दगडाची ती पाटी होते, त्याच दगडाने युरोपातील असंख्य घरे शाकारली गेली आणि वेल्समधील एका समुद्रकाठच्या गावाचे नावही पालटले.

श्रोतेहो, हे गाव उत्तर वेल्समध्ये, मेनाई सामुद्रधुनीच्या काठी, बँगर व कार्नार्व्हन यांच्या दरम्यान आहे. त्याचे मूळ नाव 'अ वेलिनहेली', म्हणजे खाऱ्या पाण्यावरची गिरणी. भरतीच्या पाण्यावर तेथे दळण दळले जाई. अठराव्या शतकाच्या अखेरीस डिनॉर्विक खाणीचे जमीनदार अ‍ॅश्टन स्मिथ यांनी तेथे धक्का बांधला. पुढे इंग्रजी कागदोपत्री गाव 'पोर्ट डिनॉर्विक' झाले.

खाण डोंगरात, सुमारे ७ मैल दूर. खाणीतील रूळ दोन फुटांहूनही कमी रुंदीचे, तर १८४० नंतरच्या दशकात तळ्याकाठून घातलेल्या लोहमार्गाचे ४ फुटांचे. मग वाटेत माल उतरवून पुन्हा भरावयाचा काय? मुळीच नाही. खाणीतल्या चार चिमुकल्या वाघिणी मालासकट एका मोठ्या वाघिणीवर चढवीत. गावावरच्या टेकाडाशी त्या उतरवून दोराच्या आधारे उतारावरून थेट धक्क्यापर्यंत सोडीत. पाटी ठिसूळ, हाताळणी जितकी कमी, तितकी मोडतोड कमी.

छपराच्या या पाट्यांच्या मापांना डचेस, काउंटेस, लेडी अशी सरदारस्त्रियांची नावे होती! पाटी चिरणाऱ्यांच्या छातीत मात्र दगडाची धूळ साठे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खाणीत सुमारे ३,००० माणसे होती. कामगारांची भाषा वेल्श, मालकांची इंग्रजी. १८८५-८६ च्या हिवाळ्यात वाद विकोपाला जाऊन खाणीला टाळे लागले आणि कित्येक महिने चुली थंडावल्या.

पुढे स्वस्त कौले आली, मागणी ओसरली. १९६१ मध्ये लोहमार्ग बंद पडला. १९६९ मध्ये खाणही. खाणच उरली नाही, तेव्हा तिच्या नावाचे बंदर कशाला? गावाचे जुने नाव परत रूढ झाले. वेल्श माणसांच्या तोंडून ते कधी गेलेच नव्हते. २०२१ मध्ये युनेस्कोने त्या परिसरातील पाटीच्या खाणींचा प्रदेश जागतिक वारसा म्हणून घोषित केला. ज्या गोदीत पाटीची गलबते भरत, तेथे आता हौशी लोकांच्या शिडाच्या होड्या बांधलेल्या असतात.