हेपेटायटिस सी : त्रास गोळीचा की सोबतच्या औषधाचा?

हेपेटायटिस सीच्या उपचाराचे नाव काढले की अजूनही घरोघरी पहिली चर्चा होते ती दुष्परिणामांची. 'केस गळतात म्हणे', 'ताप हटत नाही', 'माणूस पार खंगून जातो'. या गोष्टी खोट्या नाहीत, पण त्या आजच्या नाहीत. दहा-बारा वर्षांपूर्वीपर्यंत या आजारावर इंटरफेरॉनचे इंजेक्शन आठवड्यातून एकदा टोचले जाई आणि जोडीला रिबाविरिनच्या गोळ्या असत. विषाणूच्या प्रकारानुसार हे २४ किंवा ४८ आठवडे चाले. इंजेक्शननंतर हुडहुडी भरून ताप येई, अंग ठणकत राही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटत, थायरॉइड बिघडे आणि काहींना एवढे नैराश्य येई की उपचार अर्ध्यावर थांबवावे लागत. इतके सोसूनही विषाणूच्या पहिल्या प्रकारात जेमतेम निम्मे रुग्ण बरे होत.

डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत सोफोसबुविर या गोळीला मान्यता मिळाली आणि चित्र पालटले. तिथे सुरुवातीला एका गोळीची किंमत हजार डॉलर होती. २०१५ पासून भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या आल्या आणि २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हेपेटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी व औषधे सरकारी उपचार केंद्रांवर मोफत मिळू लागली. सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर अशा दोन गोळ्या, किंवा सोफोसबुविर आणि वेलपाटासविर एकत्र असलेली एकच गोळी. दिवसातून एकदा, बहुतेकांना १२ आठवडे. म्हणजे ८४ दिवस. बरे होण्याचे प्रमाण ९५ टक्क्यांच्या आसपास.

या गोळ्यांनीही काहींना त्रास होतो. डोके दुखते, थकवा येतो, मळमळते, झोप नीट लागत नाही. मात्र त्याचे माप एका चाचणीने फार नेमके दाखवले आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत काही रुग्णांना सोफोसबुविर-वेलपाटासविरची गोळी दिली गेली आणि काहींना हुबेहूब तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी. कोणाला काय मिळाले हे रुग्णांना ठाऊक नव्हते. औषध घेणाऱ्यांपैकी ७८ टक्के जणांनी काही ना काही त्रास सांगितला. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकी ७७ टक्के जणांनीही तो सांगितला! याचा अर्थ रुग्ण खोटे बोलत होते असा नाही. थकवा हे मुळात या आजाराचेच लक्षण आहे, आणि तीन महिन्यांत कोणाचे डोके कधीच दुखत नाही असे होत नाही. पण उपचार चालू असला की प्रत्येक दुखणे गोळीच्या खात्यावर जमा होते.

डायलिसिसवर असलेल्या रुग्णांमध्ये हे विशेष दिसते. वारंवार रक्ताशी संबंध येत असल्याने त्यांच्यात हेपेटायटिस सी इतरांपेक्षा अधिक आढळतो. डायलिसिसच्या दिवशी माणूस गळून जातोच. त्यात नवी गोळी सुरू झालेली असली की दोष तिच्यावर जातो आणि 'दोन दिवस बंद करून बघू' असा विचार डोकावतो. तो करू नये. सोसवत नसेल तर केंद्रावर जाऊन बोलावे, पण परस्पर गोळी थांबवू नये. मध्ये खंड पडला तर विषाणू पुन्हा डोके वर काढू शकतो आणि दुसऱ्यांदा उपचार करणे अधिक किचकट असते.

किरकोळ त्रासांवरचे उपाय साधे आहेत. या गोळ्या उपाशीपोटी किंवा जेवणासोबत कशाही चालतात. त्यामुळे मळमळत असेल तर भरल्या पोटी घ्याव्यात. दिवसा गळून गेल्यासारखे वाटत असेल तर रात्रीच्या जेवणाची वेळ ठरवावी; झोप उडत असेल तर सकाळची. मात्र एकदा ठरवलेली वेळ रोज पाळावी. एखाद्या दिवशी विसर पडला आणि त्याच दिवशी आठवले तर लगेच घ्यावी. थेट दुसऱ्या दिवशीच्या वेळेला आठवले तर एकच घ्यावी, भरपाई म्हणून दोन नव्हेत. गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा घ्यायची का, हे केंद्रावर फोन करून विचारावे. डोकेदुखीवर भरपूर पाणी आणि विश्रांती, फारच झाले तर पॅरासिटामॉल. यकृत आक्रसलेले, म्हणजे सिरॉसिस असलेले रुग्ण डॉक्टरांना विचारून दिवसाला दोन ग्रॅमपर्यंत ते घेऊ शकतात. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या मात्र त्यांनी टाळाव्यात. त्यांनी मूत्रपिंडावर ताण येतो आणि पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

खरा धोका इथूनच सुरू होतो. ओपीडीत बाहेर रांग असते. 'काही त्रास?' या प्रश्नाला रुग्ण 'नाही डॉक्टर' म्हणून मोकळा होतो, आणि घरी जाताना कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये 'दादा, पित्ताचं काहीतरी द्या' म्हणतो. ही पित्ताची गोळी अगदी निरुपद्रवी वाटते. पण वेलपाटासविर विरघळून रक्तात उतरायला पोटातले आम्ल लागते. ओमेप्राझोल, पँटोप्राझोलसारखी औषधे तेच आम्ल कमी करतात, आणि मग विषाणूवरचे औषध पुरेसे शोषलेच जात नाही. अँटासिडचे पातळ औषध किंवा चघळायची गोळी घ्यायचीच असेल तर दोन्हींत चार तासांचे अंतर हवे. ओमेप्राझोलच्या गटातले औषध तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय नकोच. म्हणजे मळमळीवर शोधलेला उपायच बरे होण्याच्या आड येऊ शकतो, आणि हे त्या वेळी कळत नाही. कळते ते थेट शेवटच्या रक्ततपासणीत.

आधीपासून चालू असलेल्या औषधांचेही तसेच. हृदयाच्या ठोक्यांसाठी अमिओडॅरोन घेणाऱ्यांनी सोफोसबुविर सुरू केल्यावर ठोके धोकादायकरीत्या मंदावल्याचे आढळले आणि मार्च २०१५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याबद्दल इशारा दिला. क्षयरोगावरचे रिफॅम्पिसिन आणि फिट्सवरची कार्बामाझेपिन, फेनिटॉइन ही औषधे या गोळ्यांचे रक्तातले प्रमाण उतरवतात. आपल्याकडे क्षयरोग काही दुर्मीळ नाही. तेव्हा घरातल्या सगळ्या औषधांची पाकिटे एका पिशवीत घालून पहिल्याच भेटीत डॉक्टरांपुढे ठेवणे, हा दुष्परिणाम टाळण्याचा सर्वांत स्वस्त उपाय. मधुमेह्यांची गंमत थोडी वेगळी असते. विषाणू हटू लागला की साखर सुधारते. जुन्याच मात्रेत इन्सुलिन चालू राहिले तर ती एकदम खाली येऊन घाम, थरथर, चक्कर असा त्रास होतो. रुग्णाला वाटते, गोळी सोसत नाही. प्रत्यक्षात त्याची इन्सुलिनची मात्रा कमी करायची वेळ आलेली असते.

घरगुती उपचारांचा मुद्दा नाजूक, पण टाळून चालणार नाही. यकृताचा आजार म्हणजे कावीळ, आणि कावीळ म्हणजे पथ्य, हे समीकरण आपल्याकडे पक्के आहे. तेल बंद, हळद बंद, उकडलेले अन्न, उसाचा रस, नाकात घालायचे औषध, गळ्यात माळ. नेहमीच्या स्वयंपाकातल्या हळदीने यकृताला काही होत नाही. उलट तीन महिने बिनतेलाचे, बेचव जेवून वजन उतरते आणि येणाऱ्या अशक्तपणाचे खापर पुन्हा गोळीवर फुटते. काढ्यांचे तसे नाही. करोनाच्या काळात, २०२० मध्ये, मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांमध्ये यकृताला इजा झाल्याचे नोंदवले. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही आणि वाद झाला. तो वाद बाजूला ठेवला तरी, उपचार चालू असताना यकृताच्या चाचण्या बिघडल्या तर दोष कोणाचा हे ओळखता यावे, एवढ्यासाठी तरी काढे आणि चूर्णे तीन महिने बाजूला ठेवलेली बरी. दारूबद्दल तर वेगळे सांगायला नको.

रिबाविरिन अजून पूर्ण गेलेले नाही. सिरॉसिस बळावून पोटात पाणी झालेल्या काही रुग्णांना ते आजही जोडीला दिले जाते. त्याने तांबड्या पेशी फुटतात आणि पहिल्या काही आठवड्यांतच हिमोग्लोबिन उतरते. जिना चढताना धाप लागणे ही त्याची खूण. मात्रा कमी करून बहुतेकदा निभावते, म्हणून ठरलेली रक्ततपासणी चुकवू नये. गर्भावर याचे गंभीर परिणाम होतात. पती किंवा पत्नी, कोणीही ते घेत असले तरी उपचारादरम्यान आणि नंतर किमान सहा महिने गर्भधारणा टाळायलाच हवी.

एक तपासणी उपचारापूर्वीच व्हायला हवी, ती हेपेटायटिस बीची. दोन्ही विषाणू असतील तर सी हटताना दबून बसलेला बी उसळू शकतो. डोळे पिवळे दिसणे, लघवी गडद होणे, काळी शौचास होणे, रक्ताची उलटी, पोट फुगणे, असंबद्ध बोलणे, भोवळ येऊन पडणे, यांपैकी काहीही झाले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. बाकीच्या तक्रारींसाठी एक छोटी वही पुरते. कोणत्या दिवशी काय झाले, त्या दिवशी दुसरे काय घेतले होते. ओपीडीतल्या दोन मिनिटांत अशी वही तोंडी हकिकतीपेक्षा जास्त सांगून जाते.

शेवटची गोळी घेतल्यानंतर १२ आठवड्यांनी रक्तातला विषाणू पुन्हा मोजतात. तो सापडला नाही तर आजार बरा झाला. थकवा काहींना त्यानंतरही काही महिने रेंगाळतो. सिरॉसिस असलेल्यांची दर सहा महिन्यांची सोनोग्राफी सुरूच राहते. प्रतिपिंडांची साधी चाचणी मात्र विषाणू गेल्यावरही पॉझिटिव्हच येत राहते. पुढे एखाद्या शस्त्रक्रियेआधी तसा अहवाल आला की घर हादरते, म्हणून विषाणू नसल्याचा तो कागद लॅमिनेट करून ठेवावा आणि त्या वेळी डॉक्टरांना दाखवावा.