सक्तीची रिळे

१४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री दिल्लीत सत्तांतर झाले, तेव्हा तो सोहळा टिपायला भारत सरकारकडे स्वतःचे चित्रपट-पथक नव्हते. अंबालाल पटेल यांच्यासारख्या खासगी कॅमेरामननी ती दृश्ये घेतली, म्हणून ती आज पाहायला मिळतात. नवल असे, की जेमतेम वर्षभर आधीपर्यंत मुंबईत सरकारी युद्धपटांचा अख्खा कारखाना चालू होता.

दुसरे महायुद्ध पेटल्यावर १९४० मध्ये ब्रिटिश सरकारने फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड स्थापन केले. अध्यक्ष होते ‘हंटरवाली’वाल्या वाडिया मूव्हीटोनचे जे. बी. एच. वाडिया. ‘प्रभात’चे व्ही. शांताराम काही काळ या मंडळाचे मुख्य निर्माते होते. १९४३ मध्ये त्याची जागा ‘इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया’ने घेतली आणि ‘इंडियन न्यूज परेड’ हे वृत्तचित्रही सुरू झाले. फौजेत भरती व्हा, दारूगोळ्याच्या कारखान्यात राबणाऱ्यांचे हात पाहा, धान्य जपा असा या अनुबोधपटांचा सूर असे.

पण लोकांनी हे पाहावे कसे? त्याची सोय कायद्याने केली. भारत संरक्षण नियमांखाली १९४३ मध्ये चित्रपटगृहांवर बंधन आले : प्रत्येक खेळात २,००० फुटांपर्यंत सरकारमान्य चित्रफीत दाखवलीच पाहिजे. पस्तीस मिलिमीटरच्या फितीत ही लांबी सुमारे बावीस मिनिटांची होते. तिकीट नायक-नायिकेचे काढले तरी आधी साम्राज्याचे युद्ध पाहणे भाग होते. याचा राग साचत गेला आणि १९४६ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळातल्या भारतीय सदस्यांनी या खात्याचा पैसाच रोखला. कारखाना बंद पडला. स्वातंत्र्याच्या रात्री सरकारी कॅमेरा नव्हता, तो त्यामुळे.

याच काळातली एक उलटी कहाणी सोलापूरची आहे. जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला काँग्रेसने १९३८ मध्ये पाच डॉक्टर धाडले. त्यांत नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीसही. कोटणीस तिथेच राहिले, त्यांनी रुग्णालय सांभाळले, चिनी परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी ते गेले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिले आणि त्यावरून शांताराम यांनी १९४६ मध्ये ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ काढला. युद्धकाळात कच्च्या फिल्मचे रेशनिंग होते, आणि युद्धकार्याला पूरक चित्रपट काढा, असा निर्मात्यांवर सरकारचा दाब होता. कोटणीसांची कथा त्या चौकटीत चपखल बसली, कारण शत्रू जपानच होता. पण पडद्यावर दिसला तो काँग्रेसने पाठवलेला डॉक्टर. सरकारच्या युद्धाच्या नावाने निघालेल्या फिल्मवर राष्ट्रीय चळवळीचा एक नायक कोरला गेला.

बंद पडलेल्या त्या सरकारी कारखान्याच्या जागी १९४८ मध्ये मुंबईतच सरकारची फिल्म्स डिव्हिजन उभी राहिली. माणसे बरीचशी तीच, आणि सक्तीही तीच. परवान्याच्या अटीमुळे देशभरातल्या टॉकीजना तिची वृत्तचित्रे दाखवावी लागत, वर त्यांचे भाडेही भरावे लागे. बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगाव-मलकापूरची टॉकीजही या नियमाला अपवाद नव्हती. १९६२, १९६५ आणि १९७१ ची युद्धे दूरचित्रवाणी घरोघरी येण्यापूर्वीच्या पिढीने याच रिळांतून पाहिली. सरकारची नजर बाजूला ठेवून युद्धाकडे पाहणारा माहितीपट मात्र वेगळ्या वाटेने आला. पोखरणच्या मे १९९८ मधल्या अणुचाचण्यांनंतर आनंद पटवर्धन यांनी केलेला ‘जंग और अमन’ २००२ मध्ये पूर्ण झाला. सेन्सॉर मंडळाने त्यात काटछाट मागितली. अखेर २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालाने तो विनाकाट मोकळा झाला.

सरकारी प्रचाराचा हा खेळ भारतापुरता नाही; सोव्हिएत संघ कोसळल्यानंतरच्या युद्धांतही तो चालू आहे. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर पूर्ण ताकदीने आक्रमण केले आणि त्यानंतर शाळाशाळांत देशभक्तीचे सरकारी पाठ सुरू झाले. उरल भागातल्या काराबाश या तांबे गाळणाऱ्या गावात पावेल तालान्किन हा शाळेचे कार्यक्रम आखणारा आणि चित्रित करणारा कर्मचारी होता. पाठ घेतल्याचा पुरावा म्हणून त्याने ते चित्रित करून वर पाठवायचे, असा हुकूम होता. हुकमाप्रमाणे तो चित्रण करत राहिला आणि २०२४ मध्ये तेच चित्रण घेऊन देशाबाहेर पडला. डेव्हिड बोरेन्स्टाइन यांच्या साथीने झालेल्या ‘मिस्टर नोबडी अगेन्स्ट पुतिन’ या माहितीपटाला २०२५ च्या सनडान्स महोत्सवात विशेष ज्युरी पुरस्कार मिळाला. प्रचाराची हजेरी म्हणून घेतलेले चित्रण प्रचाराविरुद्धची साक्ष ठरले.

मुंबई आणि काराबाश यांच्यात आठ दशकांचे अंतर आहे, पण दोन्हीकडे सरकारची एकच अडचण दिसते. काय चित्रित करायचे हे त्याला ठरवता येते, ते किती वेळ आणि कुठे दाखवायचे हेही ठरवता येते. मात्र उद्याचा संकलक ती दृश्ये कशापुढे जोडेल आणि प्रेक्षक त्यांतून काय वाचेल, हे कोणत्याही नियमाला बांधता आलेले नाही.