चुकलं तर पुढे काय?

१५ ऑगस्ट २०२१ रोजी महाराष्ट्रात ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि सातबाऱ्यावर पीक लिहिणारा हात बदलला. तोवर गाव नमुना बारामधली पिकांची नोंद तलाठी करत असे. (आता त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण जळगाव-धुळ्याकडच्या गावांत तलाठीआप्पा सहजासहजी जाणार नाहीत.) नव्या पद्धतीत ही नोंद खातेदाराने स्वतःच्या मोबाइलवर करायची. खाते क्रमांक, गट क्रमांक, हंगाम, पीक, क्षेत्र, सिंचनाचं साधन, लागवडीची तारीख हे सगळं भरायचं आणि शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा. फोटोबरोबर अक्षांश-रेखांशही जातात. टाटा ट्रस्टच्या साहाय्याने उभी राहिलेली ही कल्पना चांगलीच होती. एकाच तलाठ्याच्या सजात अनेक गावं असताना त्याने प्रत्येक हंगामात प्रत्येक बांधावर जावं, ही अपेक्षा बहुतेक वेळा कागदावरच राहायची. मात्र या बदलाबरोबर, फॉर्म भरणं हे ज्यांचं कधीच काम नव्हतं असे लाखो लोक महसुली दप्तराचे लेखनिक झाले, याची चर्चा फारशी झाली नाही. त्यांच्या बोटाने झालेली चूक पीक विमा, पीककर्ज, अतिवृष्टीची मदत आणि हमीभावाची खरेदी अशा प्रत्येक ठिकाणी त्यांनाच भोवणार होती.

अशा साधनाची परीक्षा घ्यायची कशी? शासकीय बैठकांत ते किती जणांनी डाउनलोड केलं हे विचारलं जातं. आम्हा वेबसाइटी आणि ॲपं बनवणाऱ्यांच्या धंद्यात ते दिसतं कसं, यावर तासन् तास वाद होतात. मला दोन्ही मोजमापं अपुरी वाटतात. सगळं सुरळीत चाललं की कुठलंही ॲप बरंच वाटतं. माणूस चुकतो, रेंज जाते, ओटीपी उशिरा येतो, तेव्हा ते ॲप त्याच्याशी कसं वागतं यावरून त्याची खरी किंमत ठरते. हे वागणं कसं बदलत गेलं ते पाहा. वेब एकेकाळी मुख्यतः वाचायचं पान होतं. फॉर्म भरून बटण दाबलं की सगळं पान नव्याने यायचं. जीमेल २००४ मध्ये आलं, गूगल मॅप्स २००५ मध्ये, आणि पान जागेवर ठेवून मागच्या मागे सर्व्हरशी बोलण्याची रीत रूढ झाली. जेसी जेम्स गॅरेट यांनी फेब्रुवारी २००५ मध्ये तिला एजॅक्स हे नाव दिलं. तालुका निवडला की खाली फक्त त्याच तालुक्यातली गावं दिसतात, ही या रीतीची किमया. पण पूर्वी पान कोरं व्हायचं तेव्हा निदान काहीतरी चाललंय एवढं कळायचं. आता मागच्या मागे चाललेलं काम मागच्या मागेच अडकतं आणि समोरच्याला पत्ताही लागत नाही. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी १९९३ च्या आपल्या पुस्तकात प्रतिसादाच्या वेळेच्या तीन मर्यादा सांगितल्या आहेत. सेकंदाच्या दहाव्या भागात प्रतिसाद आला तर काम तत्काळ झालंसं वाटतं, एका सेकंदापर्यंत विचाराची साखळी टिकते आणि दहा सेकंदांनंतर लक्ष उडतं. दहा सेकंद पडदा गप्प राहिला तर माणूस बटण पुन्हा दाबतो. त्यातून दुबार नोंद झाली तर तिला दाबणाऱ्याची चूक म्हणण्यात अर्थ नाही.

ई-पीक पाहणीचाच पुढचा इतिहास पाहा. १ ऑगस्ट २०२२ पासून तिची दुसरी आवृत्ती आली. केलेली नोंद ४८ तासांच्या आत शेतकऱ्याला स्वतः दुरुस्त करता येऊ लागली. निवडलेल्या गटापासून आपण दूर उभे आहोत, हे ॲप जागेवरच सांगू लागलं. मिश्र पिकात मुख्य पिकाबरोबर आणखी तीन पिकं नोंदवता येऊ लागली. शेतकऱ्याची नोंद स्वयंप्रमाणित मानून त्यातल्या १० टक्के नोंदी तलाठ्याने तपासायच्या, असंही ठरलं. यातली ४८ तासांची तरतूद मला सगळ्यात मोलाची वाटते. पहिल्या वर्षी कापसाच्या जागी चुकून ज्वारीवर बोट पडलं, तर ते निस्तरायला चावडी गाठण्यावाचून इलाज नव्हता. म्हणजे ज्या फेऱ्या वाचवायला ॲप काढलं, त्याच फेऱ्या चुकणाऱ्याच्या वाट्याला येत होत्या. दोन दिवसांची मुभा मिळाली आणि तीच चूक घरबसल्या मिटू लागली. संगणकाच्या जगात केलेलं परत फिरवण्याची ही सोय १९७० च्या दशकापासून आहे. ती आपल्या सातबाऱ्यापर्यंत पोहोचायला इतकी वर्षं का लागावीत, असा प्रश्न मात्र पडतो.

वापरसुलभतेची आंतरराष्ट्रीय व्याख्या १९९८ च्या आयएसओ ९२४१-११ या मानकाने दिली. काम नीट पार पडतं का, त्याला किती कष्ट पडतात आणि वापरणारा समाधानी आहे का, हे तीन निकष सगळे सांगतात. व्याख्येतला पुढचा भाग मात्र सोयीस्करपणे गळतो. हे तिन्ही निकष ठरावीक माणसांनी, ठरावीक कामासाठी, ठरावीक परिस्थितीत तपासायचे असतात. खानदेशातली परिस्थिती कोणती? रावेर, यावल, चोपडा पट्ट्यात केळी आहे. तिची मृगबाग पावसाळ्याच्या तोंडाशी लागते आणि कांदेबाग पावसाळा सरताना. पीक वर्षभर रानात उभं असतं आणि खरीप-रब्बीच्या चौकटीत बसत नाही. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्याच्या पश्चिमेकडच्या आदिवासी पाड्यांवर आणि शिरपूरच्या सातपुडा पायथ्याला रेंजचा भरवसा नाही, आणि घरातली बोली अहिराणी, पावरी किंवा भिली. फोन बहुधा स्वस्तातला असतो, पुष्कळदा मुलाचा. पडद्यावर ऊन आणि बोटांना माती. ऑफिसातल्या वायफायवर चाललेलं ॲप इथे चालेलच असं नाही. म्हणून माहिती आधी फोनमध्येच जपून ठेवायची आणि रेंज आल्यावर पाठवायची, ही रचना इथे पायाचीच गोष्ट आहे. त्यातही ‘फोनमध्ये जतन झालं’ आणि ‘सरकारकडे पोहोचलं’ या दोन अवस्था पडद्यावर स्पष्ट वेगळ्या दिसायला हव्यात. हिरवी खूण पाहून माणूस घरी जातो, आणि नोंद पोहोचलीच नव्हती हे विम्याच्या वेळी कळतं, यापेक्षा वाईट रचना नाही.

यावर पहिला आक्षेप प्रामाणिक आहे. नियम सैल केले तर खोट्या नोंदी होतील. पीकच नसलेल्या क्षेत्राचा विमा काढला जाईल. भीती निराधार नाही. पण दुरुस्तीची मुभा आणि पडताळणी या एकमेकींच्या शत्रू नाहीत. दुसऱ्या आवृत्तीत दोन्ही एकत्रच आल्या. प्रत्येक बदलाची वेळ आणि जुनी नोंद सर्व्हरवर जपता येते, त्यामुळे उघडपणे केलेली दुरुस्ती लबाडाला काही मिळवून देत नाही. फॉर्म भरायच्या कडक वेळमर्यादेचंही तसंच आहे. वेबच्या सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी मानकात सांगितलं आहे की मुदत संपण्याआधी सूचना द्यावी, साध्या कृतीने ती वाढवायला निदान २० सेकंद द्यावेत आणि निदान दहा वेळा वाढवू द्यावी. बँकेइतकी गुप्तता लागत नाही अशा फॉर्मलाही पाच मिनिटांत बाहेर काढणारी पोर्टलं सुरक्षेच्या नावाखाली बनवणाऱ्याचा आळस झाकतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा आक्षेप असा की शेतकऱ्यांनी शिकावं. नाहीतर गावातलं सामायिक सेवा केंद्र (सीएससी) आहेच. शिकायचा प्रश्नच नाही, यूपीआय सगळ्यांनी शिकून घेतलं. सेवा केंद्राचं म्हणाल तर तिथला चालक पैसे घेतो, घाईत असतो, आणि त्याने चुकीचा गट निवडला तरी नाव खातेदाराचंच लागतं. राज्यात पुढे केंद्र सरकारची डिजिटल पीक सर्वेक्षण पद्धत आली, तेव्हा शेतकऱ्यांकडून राहिलेल्या नोंदींसाठी सहायक नेमावे लागले. हा शेतकऱ्याचा नापासाचा दाखला नव्हे. संगणकतज्ज्ञ लॅरी टेसलर यांनी मांडलेला सिद्धान्त इथे आठवतो : कामातली गुंतागुंत काही मर्यादेपलीकडे कमी होत नाही, ती बनवणाऱ्याने सोसायची की वापरणाऱ्याने एवढंच ठरवायचं असतं. बनवणाऱ्याने अंगावर घेतली नाही, की ती सहायकाच्या आणि केंद्रचालकाच्या गळ्यात पडते आणि तिथे पैसे मोजावे लागतात.

हा हिशेब कापसात लगेच दिसतो. भारतीय कापूस महामंडळाने २०२५-२६ च्या हंगामात हमीभावाच्या खरेदीसाठी ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी आणि विक्रीच्या दिवसाचं बुकिंग आणलं. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव त्या हंगामात क्विंटलला ८,११० रुपये होता. नोंदणी अडली किंवा दिवस हुकला, की घरात पडलेला कापूस व्यापाऱ्याच्या खेडा खरेदीत मिळेल त्या भावाने जातो. भावातला तो फरक म्हणजे वाईट पडद्याची किंमत, आणि ती बनवणाऱ्याच्या बिलात कधीच येत नाही.

तिसरा आक्षेप चाचणीच्या खर्चाचा, आणि तो सर्वांत लटका. नील्सन यांचाच २००० सालचा हिशेब सांगतो की पाच माणसांना एखादं साधन वापरताना नुसतं पाहिलं तरी त्यातल्या सुमारे ८५ टक्के अडचणी उघड होतात. आकड्यावर वाद आहेत. दहा माणसं घ्या हवं तर. ज्याच्याकडून चाचणी घ्यायची तो शेतकरी आणि ती घेणारे विद्यार्थी, दोघंही इथेच आहेत. बांभोरीला आणि शिरपूरला अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत. जळगावला कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे. अंतिम वर्षाला दरवर्षी ग्रंथालय व्यवस्थापनाची तीच ती प्रणाली पुन्हा लिहिण्यापेक्षा विद्यार्थ्यांनी ई-पीक पाहणी किंवा कपास किसान घेऊन एखाद्या गावात बसावं, मदत न करता फक्त पाहावं, आणि कुठे बोट थबकलं त्याची यादी जिल्हाधिकारी कार्यालयाला द्यावी. मार्गदर्शक प्राध्यापकांनी या खरिपापासूनच अशा प्रकल्पांना मान्यता द्यावी, ही विनंती.