भरलेल्या सिस्टिम पार्टिशनचा विस्तार
कार्यालयीन सर्व्हरचा सी ड्राइव्ह, म्हणजे कार्यप्रणालीचे पार्टिशन, पूर्ण भरला म्हणजे नोंदी लिहिल्या जात नाहीत व अखेर कामकाज अडते. अशा वेळी डिस्कवर अन्यत्र जागा असणे पुरेसे नाही. विंडोज सर्व्हरच्या साध्या रचनेत ती त्याच डिस्कवर, पार्टिशनच्या शेवटास लागून व मोकळी असावी लागते. अहिल्यानगर जिल्ह्यातील शेतकऱ्यास हे नवे नाही: दूरच्या तुकड्याने मूळ शेत वाढत नाही. मुंबई प्रांताच्या १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यामागे हीच दृष्टी होती. डिस्कवर मध्ये पुष्कळदा रिकव्हरी पार्टिशन आडवे येते. ते हलविल्यावाचून विस्तार होत नाही. या कामी एका चुकीने सारे दप्तर नाहीसे होऊ शकते. म्हणून प्रथम संपूर्ण बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घ्यावा, त्यातून माहिती परत मिळते हे पडताळावे आणि मगच सीमा सरकवावी.