धारच्या आजी आणि तारण

दिवाळीच्या सुट्टीत मी मैत्रिणीकडे धारला गेले होते. तिचं घर मराठी, पण कित्येक पिढ्या माळव्यात मुरलेलं. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी आणि आजींच्या तोंडी दोन्हींची खिचडी. पहिल्याच सकाळी पोह्यांवर शेव घालता घालता आजींनी विचारलं, "काय गं, तुमच्यात म्हणे तान्ह्या बाळालासुद्धा पाप असतं? अन् पाणी ओतलं की जातं? मग आमचं काय, आम्ही सगळे सीधे नरकात?"

मी वसईची. पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या तयारीपासून धर्मशिक्षणाच्या वर्गात बसलेली. त्यामुळे धडाधड उत्तर दिलं: मूळपाप, स्नानसंस्कार, कृपा, तारण. आजी म्हणाल्या, "हे पाठ केलेलं झालं. आता कळेल असं सांग." हा लेख म्हणजे तो दुसरा प्रयत्न. मंडळातल्या बिगरख्रिस्ती मित्रांसाठी आहे, आणि खरं सांगायचं तर आपल्यातल्या माझ्यासारख्या पाठांतरवाल्यांसाठीही.

आधी पाप. इंग्रजी साहित्याच्या पेपरला ॲरिस्टॉटल आहे त्यांना 'हमार्तिया' हा शब्द माहीत असेल. शोकांतिकेच्या नायकाची चूक. नव्या करारात मूळ ग्रीकमध्ये पापासाठी हाच शब्द येतो. त्याचा जुना अर्थ नेम चुकणं. म्हणजे पाप हे फक्त नियम मोडणं नाही. जिथे पोहोचायचं होतं तिथे न पोहोचणंही आहे.

पण तान्ह्या बाळाने कुठला नेम चुकवला? इथे माझीच गडबड होत होती, कारण मूळपाप म्हणजे बाळाने केलेलं पाप असं मी नकळत धरून चालले होते. कॅथलिक शिकवण तसं म्हणत नाही. मूळपाप हे 'केलेलं' नसतं, वाट्याला 'आलेलं' असतं. त्यात बाळाचा वैयक्तिक दोष काहीच नाही. देवाशी तुटलेल्या नात्याच्या जगात ते जन्माला येतं, एवढंच. मी आजींना म्हटलं, "समजा आजोबा-पणजोबांनी जमीन गहाण टाकलीय. नातू जन्मतो तो कर्जातल्या घरात. त्याने कुठे सही केलीय?" आजींनी मान हलवली. तुलना लंगडी आहे, मान्य. देव काही सावकार नाही. पण आजींना ती चालली.

आणि मग त्यांनीच मला पकडलं. "तारण तारण म्हणतेस, पण आमच्याकडे तारण म्हणजे गहाण. ह्यांनी माझ्या पाटल्या तारण ठेवल्या होत्या एकदा."

"मग सुटल्या का?"

"सुटल्या. पण ह्यांनी नाही सोडवल्या. माझ्या भावाने पैसे भरले."

मला हे आधी कधी सुचलंच नव्हतं! मराठी बायबलमध्ये तारण म्हणजे तारणं, बुडणाऱ्याला वर काढणं. बँकेच्या पाटीवर मात्र 'सोनेतारण'. दोन अर्थ, एकच शब्द. आणि नवा करार स्वतः व्यवहारातले शब्द वापरतो: येशूने आपला जीव 'खंडणी' म्हणून दिला असं मत्तयच्या शुभवर्तमानात आहे. ज्याच्यावर कर्ज नाही त्याने येऊन दुसऱ्याची वस्तू सोडवून न्यायची, हे आजींच्या भावाने केलं तेच.

बाप्तिस्मा या ग्रीक शब्दाचा अर्थ बुडवणं. आमच्या चर्चमध्ये बाळाच्या डोक्यावर तीनदा पाणी ओततात, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. पण अर्थ बुडण्याचाच आहे. संत पौल रोमकरांना लिहितो त्याप्रमाणे, ख्रिस्ताबरोबर मरायचं आणि त्याच्याबरोबर उठायचं. हा संस्कार आयुष्यात एकदाच होतो, पुसता येत नाही. मूळपाप जातं, मोठ्या माणसाचा असेल तर त्याची तोपर्यंतची सगळी पापं जातात. पापाकडची ओढ मात्र राहते, म्हणून पुढे पापनिवेदन आहेच. (दर शनिवारी पाप सांगायला काय शोधायचं, ही आमची लहानपणीची चिंता.) अडीअडचणीला, बाळ मरणाच्या दारात असेल तर, कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. नर्स हिंदू असली तरी. पाणी, ते शब्द आणि चर्चला जे अभिप्रेत आहे ते करण्याचा हेतू, एवढं पुरतं.

मोठ्या माणसाच्या बाबतीत एक गोष्ट ठळक सांगायला हवी. त्याची स्वतःची इच्छा नसेल तर तो बाप्तिस्माच नव्हे. दडपणाने ओतलेलं पाणी हे नुसतं पाणी. मध्य प्रदेशात धर्मांतराबद्दल १९६८ पासून कायदा आहे आणि २०२१ च्या नव्या कायद्यात ६० दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्याची तरतूद आहे. त्या कायद्यावर माझं मत वेगळं आहे, ते पुन्हा कधीतरी. पण जबरदस्तीला जागा नाही हे चर्चही सांगतं.

धारहून मी देवासला गेले, मैत्रिणीच्या मामांकडे. देवास म्हणजे आम्हा साहित्यवाल्यांसाठी ई. एम. फॉर्स्टर, १९२१ मध्ये तो इथे तुकोजीराव पवारांचा सचिव होता. मी मात्र उदयनगरसाठी आले होते. ते याच जिल्ह्यात, पण जायचं इंदूरहून.

उदयनगरच्या चर्चमध्ये सिस्टर राणी मारिया यांची समाधी आहे. त्या केरळच्या, पुल्लुवळीच्या. जन्म २९ जानेवारी १९५४. फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या धर्मभगिनी. १९९२ मध्ये इथे आल्या. आदिवासी शेतकरी सावकाराच्या कर्जात रुतलेले होते. सिस्टरांनी त्यांना संघटित केलं, बँकेकडून थेट कर्ज आणि बियाणं मिळवायला मदत केली. आजींच्या शब्दांत सांगायचं तर तारण सोडवण्याचं काम. ज्यांचा धंदा बसला त्यांना ते सोसवेना. २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरला जाणाऱ्या बसमध्ये समंदर सिंग नावाच्या तरुणाने त्यांना भोसकलं, बसबाहेर ओढून पुन्हा भोसकलं. अंगावर ५४ जखमा होत्या. येशूचं नाव घेत त्या गेल्या.

मी आजींना फोनवर म्हटलं, हा रक्ताचा बाप्तिस्मा. चुकलं माझं. नंतर वसईच्या आमच्या फादरांनी सुधारलं: ज्याचा बाप्तिस्मा झालेला नाही पण जो श्रद्धेसाठी मारला जातो, त्याच्या मरणाला ते नाव आहे. सिस्टरांचा बाप्तिस्मा तर तान्हेपणीच झाला होता. त्यांच्या मरणाला चर्च हौतात्म्य म्हणतं. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदूरमध्ये त्यांना धन्यवादित घोषित केलं गेलं.

पण मला समाधीपाशी थांबवलं ते समंदर सिंगच्या गोष्टीने. त्याला जन्मठेप झाली. स्वामी सदानंद हे कॅथलिक धर्मगुरू तुरुंगात त्याला भेटत राहिले. ऑगस्ट २००२ मध्ये सिस्टरांची सख्खी धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेली आणि तिने त्याला राखी बांधली. पुढे सिस्टरांच्या घरच्यांनी त्याच्या सुटकेच्या अर्जावर सह्या केल्या आणि २००६ मध्ये तो सुटला.

राखी बांधली तेव्हा त्याची शिक्षा संपलेली नव्हती, काहीच फिटलेलं नव्हतं. कृपा म्हणजे काय ते मला इथे कळलं. तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा का देतात, त्याला काय समजतं, असं आपण विचारतो. बाळाने काही कमवायच्या आत त्याला दिलं जातं, तेच तर सांगायचंय. तारण ही मजुरी नाही.

राहिला आजींचा शेवटचा प्रश्न, नरकाचा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये स्पष्ट केलं की आपल्या दोषाविना ज्यांना ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि सदसद्विवेकाने वागतात, त्यांचंही तारण होऊ शकतं. बाप्तिस्म्याविना दगावलेल्या बाळांसाठी आशा धरायला सबळ कारणं आहेत, असं २००७ मध्ये व्हॅटिकनच्या ईशज्ञान आयोगाने मांडलं. बाप्तिस्मा आवश्यक आहे ही शिकवण कायम आहे, पण देव स्वतः संस्कारांनी बांधलेला नाही. आपले नारायण वामन टिळक प्रॉटेस्टंट होते, पण त्यांनी १९१७ मध्ये काढलेल्या 'देवाच्या दरबारात' बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही होते, हेही आजींना सांगितलं.

परतताना पुन्हा धारला एक रात्र होते. आजींनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "ती राखी बांधणारी, सख्खी बहीण ना?"

"सख्खी."

"मग रडली असेल गं ती, बांधताना," म्हणाल्या, आणि शेवेचा डबा शोधायला आत गेल्या.