चित्र पाहिले आणि दार उघडले

‘अनोळखी दुवा उघडू नका’ हा सल्ला आपल्या घरांतून आता सर्वांना पाठ आहे. तो योग्यच आहे, पण पुरेसा नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये उघड झालेल्या एका दोषात नुसते चित्र दिसणेही धोक्याचे ठरू शकत होते.

जालावरचे चित्र आकड्यांच्या रूपाने येते आणि ब्राउझर ते उलगडून दाखवतो. गूगलने २०१० साली आणलेल्या ‘वेबपी’ प्रकारात चित्र आटोपशीर करण्यासाठी डेव्हिड हफमन यांची १९५२ सालची युक्ती वापरतात: वारंवार येणाऱ्या मूल्याला छोटा संकेत, क्वचित येणाऱ्याला लांब. उलगडताना आधी या संकेतांचा तक्ता मांडावा लागतो. त्यासाठी मेमरीत ठरावीक जागा राखलेली असते.

चूक इथेच होती. संकेत नियमानुसारच असतील, असे धरून जागेचा हिशेब केला होता. संकेतांची लांबी मात्र चित्राच्या फाइलमधूनच घेतली जाते. कुणी ती मुद्दाम नियमबाह्य लिहिली, तर तक्ता राखीव जागेत मावत नसे आणि उरलेला मजकूर शेजारच्या जागेवर लिहिला जाई. शेजारी ब्राउझरच्या स्वतःच्या नोंदी असू शकतात. त्या बिघडल्या तर ब्राउझर बंद पडतो; कसबी हल्लेखोराने नेमके हवे तेच तिथे लिहिले, तर तो परक्याच्या आज्ञा पाळू लागतो. हा प्रोग्रॅम सी भाषेतला आहे, आणि जागेची सीमा ओलांडली गेली तरी सी भाषा स्वतःहून अडवत नाही.

अ‍ॅपल आणि टोरोंटो विद्यापीठातील सिटिझन लॅब यांनी हा दोष कळवला. ११ सप्टेंबरला क्रोमची व दुसऱ्या दिवशी फायरफॉक्सची दुरुस्त आवृत्ती आली. दोन्हींत चित्र उलगडणारा प्रोग्रॅम एकच होता. तोवर दोषाचा गैरवापर सुरूही झाला होता.

हा अपवाद नव्हे. क्रोममधील गंभीर सुरक्षादोषांपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या हाताळणीतले असल्याचे क्रोमियम प्रकल्पाने २०२० साली नोंदवले. म्हणूनच सीमा स्वतः तपासणाऱ्या रस्टसारख्या भाषांकडे ब्राउझरांचे काही भाग नेले जात आहेत.

ते काम पुरे होईतो आपल्या हाती एकच गोष्ट आहे. बँकेचे व्यवहार आणि नातवंडांची छायाचित्रे ज्या फोनवर आहेत, त्यावर ‘अपडेट’ची सूचना आली की ती उद्यावर ढकलू नये. आणि ज्या जुन्या फोनला अपडेट मिळणेच थांबले आहे, त्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत.