भिंगाखाली ब्रुनहिल्ड

पंख लावलेलं शिरस्त्राण, अंगात चिलखत, हातात भाला. चित्रकार आर्थर रॅकमने रंगवलेली ब्रुनहिल्ड हातभर अंतरावरून पाहिली की तिचं चिलखत थंडगार लोखंडाचं वाटतं. मग छपाईवाल्याचं भिंग टेकवावं. लोखंड विरतं आणि पिवळ्या, तांबड्या, निळ्या ठिपक्यांची जाळी दिसू लागते.

रणात पडलेल्या वीरांना वोटान देवाच्या महालात नेणारी ही वाल्किरी रिचर्ड वाग्नरच्या संगीतनाट्यांची नायिका. त्यांवरचं रॅकमचं सचित्र पुस्तक लंडनच्या हाइनमान प्रकाशनाने १९१० मध्ये काढलं, दुसरा भाग १९११ मध्ये. जुन्या प्रतीत रंगीत चित्रं मजकुराच्या कागदावर छापलेली नसतात. हाफटोन छपाईचे बारीक ठिपके खरखरीत कागदावर नीट उमटत नाहीत, म्हणून ती गुळगुळीत आर्ट पेपरवर वेगळी छापून आत चिकटवलेली असतात.

आपल्याकडच्या रविवर्मा छापखान्यात ओलिओग्राफच्या, म्हणजे रंगीत छापील चित्राच्या, प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागे. रॅकमच्या चित्रांचं मात्र तीन ब्लॉकांवर भागे. मूळ चित्राचे रंगीत काचांतून तीन फोटो घ्यायचे, प्रत्येकाचा ब्लॉक करायचा आणि तीन शाया एकावर एक छापायच्या. रजिस्टर, म्हणजे तिन्ही छापांची जुळणी, केसभर चुकलं तरी कड पुसट होते. चिलखत तर कडांवरच उभं असतं.

रॅकम हे ओळखून काम करी. आधी हलकी पेन्सिल, तिच्यावर टाकाने काळी शाई, मग पेन्सिल खोडून जलरंगाचे पातळ थर. छपाईत बारकावे हरवतात म्हणून रंगकाम झाल्यावर तो काही वेळा रेघांवरून पुन्हा शाई फिरवी. त्याचे रंगही मातकट, दबलेले. भडक रंगांवर त्याने मदार ठेवली नाही.

कथेत या चिलखताला मोठं काम आहे. शिक्षा म्हणून वोटान ब्रुनहिल्डला अग्नीच्या कड्यात झोपवतो. ते कडं ओलांडून आलेला वीर सीगफ्रीड तिचं चिलखत तलवारीने कापतो, तेव्हा कुठे त्याला कळतं की निजलेला योद्धा स्त्री आहे. चित्रात चिलखत ढिलं रेखाटलं असतं, तर हा प्रसंगच पोकळ ठरला असता.

माझ्या मते या चित्रातली वीरश्री रंगांपेक्षा टाकाच्या रेघेत जास्त आहे. अशी जुनी प्रत हाती आली तर चेहऱ्याआधी चिलखताची कड पाहा, आणि भिंग जवळ ठेवा.